दहा सोडून

१

टेपचं तोंड खोटं बोलतं, हे सुताराला कुणी शिकवावं लागत नाही. पट्टीच्या टोकाला पत्र्याचा जो हुक असतो, तो पडून, आपटून, खेचून सैल होतो आणि दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. म्हणून जुनी माणसं टोकाच्या नादी लागतच नाहीत. दहा सेंटिमीटरची रेघ कडेवर धरायची, माप वाचायचं आणि त्यातले दहा सोडून द्यायचे. टोक धरणाऱ्याने म्हणायचं, "दहावर." वाचणाऱ्याने म्हणायचं, "दहा सोडून," आणि मग उरलेलं माप सांगायचं. आहे की नाही सोपं? फक्त त्याला माणसं दोन लागतात.

थोरले आणि धाकटे ही ती दोन माणसं. सख्खे भाऊ. छत्तीस वर्षं एका पट्टीची दोन टोकं धरून त्यांनी अख्ख्या गावाची कपाटं केली, दारं केली, जिन्यांचे कठडे केले. थोरले हडकुळे, कुठल्याही फटीत शिरायचे, म्हणून आतलं टोक त्यांचं. धाकटे अंगाने भरलेले, म्हणून बाहेर बसून वाचायचं काम त्यांचं. लोकांना दोघांची खरी नावं आठवायचीच नाहीत. धाकटे अठ्ठावन्न वर्षांचे झाले, डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत इतके उरले, तरी लोकांच्या तोंडी धाकटेच.

पाच महिन्यांपूर्वी थोरले गेले. झोपेतच गेले. लोक अजूनही हाक मारतात, "अहो धाकटे," आणि धाकटे वळून बघतात. आता कुणापेक्षा धाकटे, हा प्रश्न दर हाकेला त्यांच्या मनात येतो, पण विचारायचा कुणाला?

२

टबाचं काम आलं ते एका शिक्षिकाबाईंकडून. पंचवीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी नुकतंच घेतलेलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, आणि त्या घराची न्हाणी स्वयंपाकघरापेक्षा मोठी होती. तिच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला टब.

"मिस्त्री, हा आकार माझ्या कुठल्या पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. "वर्तुळ म्हणावं तर वर्तुळ नाही, लंबवर्तुळ म्हणावं तर तेही नाही."

"कोयरी आहे बाई," धाकटे म्हणाले. "साडीच्या काठावर असते ना, ती. फक्त कुणीतरी तिच्यावर बसलंय."

बाई हसल्या. खरंच कोयरी होती. डोकं खिडकीपाशी, पोट दाराच्या दिशेला फुगलेलं, आणि शेपूट वळत वळत भिंत आणि विटांचा एक खांब यांच्या मधल्या बोळात गेलेलं. समोरचं पॅनल सडलं म्हणून काढून टाकलेलं होतं. त्यामुळे टब उघड्या पोटाने उभा होता. खाली चार लोखंडी पाय, एक पाइप, सिमेंटची धूळ, आणि शेपटाकडे गेलेला अंधार.

"शनिवारी माझी आई येतेय," बाई म्हणाल्या. "तिचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी कोमट पाण्यात बसायला सांगितलंय. पण ही पोकळी उघडी असली तर ती टबात पाय ठेवणार नाही. मागे एकदा आली तेव्हा म्हणाली, खालून कुणीतरी बघतंय असं वाटतं."

"म्हाताऱ्या माणसांना वाटतं असं," धाकटे म्हणाले. "बंद केलं की संपलं."

पुठ्ठा कापून त्यांनी पोटाचा आणि डोक्याचा फर्मा काढला. तो भाग हातचा मळ. अडचण शेपटाची. तिथे फर्मा जात नव्हता, हात जात नव्हता. जुन्या पॅनलची एक लाकडी पट्टी आत, भिंतीच्या हातभर अलीकडे, ठोकलेली होती. नवं पॅनल तिथवर पोचायला हवं. धाकटे कुशीवर आडवे झाले, गाल थंड फरशीला लागला, आणि त्यांनी टेप आत सारला. हुक त्या पट्टीच्या कडेला अडकला म्हणजे झालं.

एकदा घसरला. दुसऱ्यांदा घसरला. तिसऱ्यांदा वैतागून, छत्तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "धर."

टेप ताणला गेला.

बसला हुक, त्यांना वाटलं. त्यांनी खेचून पाहिलं, तर जराही ढिला नाही. दोनशे चौदा. त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि टेपची कळ दाबली. असा टेप एरवी साप चवताळल्यासारखा फटकन परत येतो. हा आला नाही. हळूहळू आला, शेवटपर्यंत ताणलेला, कुणीतरी टोक हातात धरून आणून द्यावं तसा.

थोरल्यांची तशी पद्धत होती. "टेप सोडायचा नसतो, पोचवायचा असतो," ते म्हणायचे. धाकट्यांनी टेप खिशात टाकला. स्प्रिंग गेलीय, ते स्वतःशी म्हणाले, नवा घ्यायला हवा.

३

पॅनल केलं ते मन लावून केलं. फासळ्या कापल्या, पातळ वाकणारा प्लाय दोन थरांत चिकटवला, शिकंजे लावून एक रात्र ठेवला, वरून पांढरा लॅमिनेट चढवला. मंगळवारी दुपारी टेम्पोतून नेलं, हमालाच्या मदतीने दोन जिने चढवलं, आणि लावून बघतात तर बसेना.

कापून कमी करता आलं असतं असं कुणी म्हणेल. पण हे सरळ फळीचं काम नव्हतं. मापच चुकल्यामुळे सगळी वळणं सरकली होती. टबाचं पोट एकीकडे, पॅनलचं पोट दुसरीकडे. धाकट्यांनी फरक मोजला.

दहा. साडेनऊ नाही, सव्वादहा नाही.

ते फरशीवर बसूनच राहिले. आधी हसू आलं. नवशिक्या पोराने करावी अशी चूक! मग ते हिशोब मांडायला लागले. सवयीने मीच दहावर धरला असेन आणि वजा करायचं विसरलो असेन. पण मी आत नव्हतोच. मी बाहेर होतो, वाचत होतो. मग हुक पट्टीच्या पलीकडे कशाततरी अडकला असेल, बरोबर दहा सेंटिमीटर पुढे. होतं असं कधीकधी.

त्यांनी बॅटरी लावून, मान मोडेपर्यंत वाकवून आत पाहिलं. पट्टी दिसत होती. पट्टीच्या पलीकडे काही नव्हतं. ना खिळा, ना कोनाडा. हातभर मोकळी जागा आणि मग गुळगुळीत भिंत.

"झालं का हो मिस्त्री?" बाहेरून बाईंनी विचारलं.

"माप चुकलं," धाकटे म्हणाले.

"कुणाचं?"

प्रश्न साधा होता. बाईंच्या मनात काही नव्हतं. पण हाच प्रश्न धाकट्यांना आधी एकदा विचारला गेला होता.

४

औषधांच्या दुकानाचा काउंटर होता तो. खणांचा, काचेचा, दोन भिंतींच्या मध्ये बसणारा. दोन महिने घाम गाळून सगळा कारखान्यात जोडला. न्यायला चार माणसं लागली. आणि दुकानात नेला तर तो दोन भिंतींमध्ये जाईना. दहा सेंटिमीटर जास्त. सगळा खोलून नव्याने करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुकानदार तापला. "माप कुणाचं चुकलं?"

आणि चार हमाल, दुकानदार आणि दोन गिऱ्हाइकं यांच्या देखत धाकटे म्हणाले, "टोक दादाने धरलं होतं. वय झालंय त्याचं. हात हलतो हल्ली."

थोरल्यांनी धाकट्यांकडे एकदा बघितलं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे उभे राहिले. मग आपली पिशवी उचलली आणि चालायला लागले.

संध्याकाळी धाकट्यांनी मापाचा कागद शोधला. माप वाचल्यावर दहा वजा केले की ते खाली एक आडवी रेघ मारत. त्या आकड्याखाली रेघ नव्हती. अक्षर त्यांचं स्वतःचं. आणि मग आठवलं की थोरले "दहावर" म्हणाले होते, चांगले दोनदा म्हणाले होते. धाकट्यांनी तो कागद फाडून भुशात टाकला.

उद्या सांगू, असं ते रोज म्हणत राहिले. थोरले कामावर आले नाहीत. एकाच घरात, वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहूनही अबोला. बाविसाव्या दिवशी पहाटे वहिनींनी वरून हाक मारली, तेव्हा सांगायचं राहूनच गेलं होतं.

तेराव्या दिवसानंतर वहिनींनी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, ते माप खरंच त्यांचं चुकलं होतं का हो?" आणि या माणसाने, मेलेल्या भावाच्या बायकोला, मान खाली घालून उत्तर दिलं होतं, "वय झालं की होतं, वहिनी."

५

खरं म्हणजे दुसऱ्या मापाची गरजच नव्हती. दोनशे चौदातून दहा सोडले की दोनशे चार. आणि खात्रीच करायची तर टेप कशाला हवा? एक लाकडी कामटी आत सारायची, टेकली की खूण करायची. बुधवारी धाकटे कामटी घेऊन गेलेही. ती त्यांनी न्हाणीच्या दाराला टेकवून ठेवली आणि खिशातून टेप काढला.

दुपारची वेळ होती. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. कुठेतरी शेजारी कपडे आपटल्याचा आवाज. ते कुशीवर झाले, टेप आत सारला आणि हळूच म्हणाले, "धर."

आत, टबाच्या शेपटाकडे, "कट" असा आवाज झाला.

थोरल्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी वाजायची. रांगताना, उकिडवं बसताना, प्रत्येक वेळी. धाकटे त्यावरून त्यांना चिडवायचे, "दादा, तेल घाल त्या बिजागरीला." पाइप असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. उन्हाने तापला की पाइप वाजतो. लोखंडाला काय, निमित्तच लागतं.

टेप ताणला गेला होता. दोनशे चौदा.

त्यांनी तो तसाच धरून ठेवला. वाचून झालं होतं, लिहायचं काही नव्हतं, तरी कळ दाबेनात. टेपमधून एक बारीक थरथर येत होती, जिवंत हाताची असते तशी. ती आपल्याच हाताची की पलीकडच्या, हे त्यांना ठरवता येईना. भीती वाटत होती. खूप वाटत होती. आणि तरी पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना एकटं वाटत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहून फरशीवर गेलं, ते त्यांनी बाहीने पुसलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी नवं पॅनल जोडायला घेतलं, दोनशे चारचं. गुरुवारी सकाळी ते शिकंज्यातून काढलं. अगदी मनासारखं झालं होतं. तरी गुरुवारी दुपारी पॅनल कारखान्यात ठेवून धाकटे पुन्हा माप घ्यायला गेले. त्या दिवशी ते अर्धा तास टेप धरून आडवे होते. बाई दोनदा डोकावून गेल्या.

"मिस्त्री," शेवटी त्या अवघडून म्हणाल्या, "माप किती वेळा घेतात हो?"

"अवघड आकार आहे बाई."

"ते खरं. पण आई परवा येतेय." मग त्या म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही आत कुणाशीतरी बोलत होतात."

धाकट्यांना आपण बोललो हे आठवत नव्हतं.

६

शुक्रवारी पॅनल न्हाणीत आणून भिंतीला उभं केलं. हमाल गेला. बाई बाजारात गेल्या होत्या. स्क्रू, पेचकस, चौकट, सगळं तयार. पॅनल लावलं की पोकळी बंद. नंतर ती उघडायला बाईंच्या आईच्या टबाचं पॅनल पुन्हा तोडावं लागलं असतं, आणि ते कोण करू देणार?

धाकटे आडवे झाले. टेप आत गेला. "धर," म्हणायच्या आधीच ताणला गेला.

आज त्यांनी बॅटरी आणली होती, पण ती लावायला हात धजेना. कितीतरी वेळ ते नुसते अंधाराकडे बघत पडले. आत बघितलं आणि काही नसलं तर? आणि असलं तर? दोन्हींतलं वाईट कोणतं, ते त्यांना सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी बटण दाबलं.

उजेड टेपवरून पुढे सरकत गेला. एकशे ऐंशी. शंभर. पन्नास. पुढे लाकडी पट्टीची कड आली. कडेवर दहाची रेघ होती आणि रेघेवर अंगठा होता. सिमेंटच्या धुळीने पांढरा पडलेला, रुंद, नखाच्या मधोमध पटाशीने पडलेली जुनी काळी भेग. तो दाबून धरलेला होता. इतका जोर लावून, की टोक पिवळं पडलं होतं. हात हलत नव्हता. जराही हलत नव्हता.

अंगठ्याच्या मागे काय होतं ते धाकट्यांनी पाहिलं नाही. बॅटरी फरशीवर पडून विझली.

"दादा," ते म्हणाले. आवाज कुणाचातरी निराळाच वाटला. "तू बरोबर धरलं होतंस. दहावर म्हणाला होतास. मी ऐकलं होतं. वजा करायचं मी विसरलो. मला त्याच दिवशी कळलं होतं, दादा. कागद सापडला होता. मी फाडला."

आत काही हललं नाही.

"सगळ्यांसमोर तुझा हात हलतो म्हणालो. तुझा हात कधी हलला नाही रे."

आणि टेप सुटला.

पोचवला नाही. सोडला. दोन मीटर पत्रा अंधारातून सणसणत आला, धाकट्यांच्या तर्जनीवर लांबलचक चीर पाडून डबीत घुसला. छत्तीस वर्षांत थोरल्यांनी टेप असा कधी सोडला नव्हता.

"दादा?"

त्यांनी टेप पुन्हा आत सारला. "धर." हुक पट्टीवरून घसरला. "दादा, धर ना." पुन्हा घसरला. कितीदा तरी घसरला. मग धाकटे उठले, बोटाला फडकं गुंडाळलं आणि पॅनल लावायला घेतलं.

केस जाणार नाही इतकं ते नेमकं बसलं. बाई परत आल्या, त्यांनी वळणावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काय सुरेख झालंय हो. आतमध्ये काही आहे असं वाटतसुद्धा नाही."

"नाही," धाकटे म्हणाले. "आता नाही."

७

घरी आले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात धान्य निवडत बसल्या होत्या. बोट बघून त्या उठल्या, हळद आणली, चिंधी आणली. बांधत असताना धाकट्यांनी सांगून टाकलं. काउंटरचं, कागदाचं, रेघेचं. एकही शब्द गाळला नाही.

वहिनींचे हात थांबले. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि तो चढलेला असता तर बरं झालं असतं असं धाकट्यांना वाटलं.

"ते बावीस दिवस," वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी टेप काढून बसायचे. टेबलाच्या कडेवर दहाची रेघ धरायचे आणि बघत राहायचे. मला म्हणायचे, बघ गं, हलतोय का? मी म्हणायची, नाही हो. ते म्हणायचे, धाकटा उगाच बोलणार नाही."

धाकट्यांनी मान खाली घातली. रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही.

वहिनींनी चिंधीची गाठ मारली, जरा घट्टच मारली. "हे त्यांना सांगायला हवं होतंत, भाऊजी."

"सांगितलं."

"कधी?"

"आज."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. कसं, कुठे, काही विचारलं नाही. खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता.

"मग काय म्हणाले?"

"काहीच नाही. टेप सोडून दिला." धाकट्यांनी बांधलेलं बोट दुसऱ्या हातात धरलं. "वहिनी, तुम्ही त्यांना ओळखता. रागावले की दादा बोलायचा नाही, ना?"

"एक शब्द नाही."

"आणि राग गेला की?"

वहिनी पुन्हा धान्याच्या ताटापाशी जाऊन बसल्या. एक खडा वेचून त्यांनी बाजूला ठेवला.

"तेव्हाही नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत मला फरक ओळखता आला नाही, भाऊजी."